जोडी नंबर दोनशे चौदा

मिरजेच्या एक्स्चेंजपासून सतारमेकर गल्लीपर्यंत
तार जमिनीखालून अडीच किलोमीटर जाते,
नकाशात सरळ, प्रत्यक्षात नाही.
तांब्याच्या दोन तारा, केसाहून थोड्या जाड,
एकमेकींना पीळ घालून.
पीळ अशासाठी, की शेजारच्या जोडीतलं बोलणं
हिच्यात झिरपू नये.

साल दोन हजार आठ. मी खात्यात नवा.
काखेत सांगलीहून आलेला मॉडेमचा खोका,
खिशात फिल्टरची पांढरी डबी.
दस्तगीरचाचा भोपळ्याच्या कडेवर कानस फिरवत होते.
वर न बघता म्हणाले,
"नेट लावलं की फोन मरायचा आमचा.
आता एकाच तारेत दोन्ही? बसणार कसं?"

चाचा, माणसाचं बोलणं तारेत खाली बसतं,
खर्जात, सेकंदाला चार हजार कंपनांच्या आत.
वरचं सगळं रान पडीक होतं इतकी वर्षं.
तिथं आम्ही वाफे पाडलेत, अडीचशेच्या आसपास,
एकेका वाफ्याला एकेक सूर,
दहा लाखांपर्यंत चढत गेलेला,
तुमच्या कानालासुद्धा न सापडणारा.
ही डबी खालचं तेवढं फोनला देते.
नाही लावली तर रिसीव्हरमध्ये नुसती खरखर.

मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला.
"आता काय करतंय?"
एक्स्चेंजशी बोलतंय. एकेक सूर छेडून बघतंय,
कुठला स्वच्छ पोचतो, कुठला मळतो.
स्वच्छ असेल त्याच्यावर जास्त ओझं,
मळक्यावर थोडं,
मेलेल्याला हातच लावत नाही.

चाचांनी कानस खाली ठेवली.
"तरफा लावतंय म्हण की."

दिवा स्थिर झाला. वेग निम्मासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी आदगोंडाअण्णांना घेऊन गेलो.
जॉइंटर. रिटायरला चार महिने.
पिलरचं गंजलेलं दार उघडून
जोड्यांवरून बोट फिरवलं, पोथी वाचल्यासारखं, आणि थांबले.
"ह्या जोडीला फाटा आहे.
मिशन हॉस्पिटलसमोर एसटीडी बूथ होता, त्याला दिलेला.
बूथ गेला. आता तिथं नारळपाणी.
तार कापायचं कुणाला सुचलं नाही."

म्हणजे सूर निघतो, फाट्यात शिरतो,
टोकाला कुणी नसतं, परत फिरतो,
आणि उशिरा येऊन
पुढं निघालेल्या आपल्याच सुराला आडवा येतो.
काही वाफे त्यातच बुडतात.

पक्कड तारेवर ठेवली आणि हात थांबला.
ऑपरेशन झालं.
मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत.
येताना पैसे आणि चादर आणा.
डॉक्टर काय सांगेनात, तुम्ही निघाच.
बाहेर लाल आकडे पळतायत
आणि माणूस एका दमात सगळं सांगतोय.

"काय झालं?" अण्णा म्हणाले.
"तिथलं बोललेलं सगळं कधीच पोचलंय. काप."

कापली.
दिवा पुन्हा लुकलुकला, पुन्हा एकेक सूर,
ह्या वेळी पूर्ण दोन एमबी.

एक गोष्ट चाचांना पटली नाही.
येणारी वाट रुंद, जाणारी अरुंद.
माणसं घेतात फार, पाठवतात कमी,
असा कुणीतरी हिशोब धरलेला.
"आमचं उलटं आहे," म्हणाले,
आणि रॉटरडॅमच्या गिऱ्हाईकासाठी
तीन मिनिटं सतार वाजवून भरली.
जायला वीस मिनिटं लागली.
तेवढ्यात चहा झाला, अण्णांच्या पेन्शनचं बोलणं झालं.

आम्ही उठायच्या आत उत्तर आलं.
वाद्य छान. सातवी तरफ थोडी उतरली आहे का?

चाचांनी नखानं छेडली.
परत छेडली.
"उतरलीय खरी," म्हणाले,
आणि खुंटीला हात घातला.
ती चढेपर्यंत
आम्ही तिघंही काही बोललो नाही.